इलेक्ट्रोलिसिस कोणाकडून करून घ्यावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नको असलेले केस इलेक्ट्रोलिसिसने काढून घ्यायचे ठरते, पण ते कोणाच्या हातून करून घ्यावे हे ठरत नाही, अशा आशयाची पत्रे सतत येत असतात. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट इतरत्र सविस्तर आली असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इलेक्ट्रोलिसिस म्हणजे नेमके काय? ते लेझरपेक्षा वेगळे कसे?

इलेक्ट्रोलिसिसमध्ये केसाइतकी बारीक सुई रोमकूपात, म्हणजे केस ज्या सूक्ष्म नळीतून उगवतो त्या नळीत, केसाच्या कडेने सरकवली जाते. तिच्यातून अगदी थोडा विद्युतप्रवाह सोडून केस निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट केल्या जातात आणि मग तो केस चिमट्याने उचलला जातो. लेझरचा प्रकाश केसातील गडद रंगद्रव्यात शोषला जातो, त्यामुळे पांढरे किंवा फिकट केस लेझरला दाद देत नाहीत. विजेला केसाच्या रंगाशी देणेघेणे नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या परिभाषेतही लेझरमुळे केसांत ‘कायमस्वरूपी घट’ होते एवढेच म्हणता येते, तर केस कायमचे काढण्याचा दावा इलेक्ट्रोलिसिसला करता येतो. मात्र लेझर एका सिटिंगमध्ये दोन्ही पाय उरकू शकतो आणि येथे एकेक केस करत पुढे जावे लागते. म्हणूनच इलेक्ट्रोलिसिस मुख्यतः हनुवटी, वरचा ओठ, गाल, मान अशा लहान भागांसाठी वापरले जाते.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये, आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर ती वापरल्याचे प्रसिद्ध केले होते. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, पण सुई अजूनही हातानेच घालावी लागते. पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. गॅल्व्हॅनिक, थर्मोलिसिस आणि ब्लेंड यांपैकी कोणती पद्धत वापरणारी व्यक्ती निवडावी?

पद्धतीवरून व्यक्ती निवडू नये. गॅल्व्हॅनिक पद्धतीत एकदिश प्रवाहामुळे रोमकूपातील मीठ व पाणी यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड हा तीव्र क्षार तयार होतो आणि तो पेशी नष्ट करतो. हे काम खात्रीचे, पण संथ असते. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने सुईभोवतालच्या ऊतींतच उष्णता निर्माण होते आणि एक केस सेकंदभरात किंवा त्याहूनही लवकर होतो. ब्लेंडमध्ये दोन्ही प्रवाह एकत्र असतात, म्हणून जाड, वाकड्या किंवा खोलवर रुजलेल्या केसांसाठी ते अनेकांना पसंत असते. तिन्ही पद्धती योग्य हातात परिणामकारक ठरतात. तुमच्या केसांसाठी अमुकच पद्धत का निवडली, हे समोरच्या व्यक्तीला साध्या भाषेत सांगता आले पाहिजे. ‘आमच्याकडे हेच मशीन आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

३. भारतात इलेक्ट्रोलिसिस करण्यासाठी सरकारी परवाना लागतो का?

केवळ इलेक्ट्रोलिसिससाठी असा स्वतंत्र व्यावसायिक परवाना भारतात नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी आणि वस्तू व सेवा कराचा क्रमांक या गोष्टी व्यवसायाच्या असतात. भिंतीवर चौकटीत लावल्या म्हणून त्या कौशल्याचा दाखला ठरत नाहीत. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात इलेक्ट्रोलॉजिस्ट होण्यासाठी ६०० तासांचे प्रशिक्षण आणि परवाना आवश्यक असतो. आपल्याकडे ही चाळणी कोणी लावत नसल्याने ती ग्राहकालाच लावावी लागते.

४. मग पात्रता तपासायची कशी? कोणत्या पदव्या खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या आहेत?

आपल्याकडे हे काम साधारणपणे दोन प्रकारच्या व्यक्ती करतात. पहिला प्रकार त्वचारोगतज्ज्ञांचा. एम.बी.बी.एस.नंतर त्वचारोगशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी., डी.डी.व्ही.एल. यांसारखी पदविका घेतलेले डॉक्टर या नावाला पात्र असतात. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांकावरून ती पडताळता येते. केवळ नाव शोधून थांबू नये. पदव्युत्तर पात्रता नोंदली आहे का, हेही पाहावे. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ आणि ‘एस्थेटिक फिजिशियन’ या वैद्यक परिषदेने मान्य केलेल्या विशेषज्ञतेच्या पदव्या नाहीत. ही पाटी लावणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ असू शकते, अन्य वैद्यकशाखेची पदवीधर असू शकते किंवा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेलीही असू शकते. म्हणून पाटीवरचे बिरुद सोडून त्याखालची पदवी वाचावी.

दुसरा प्रकार प्रशिक्षित ब्यूटी थेरपिस्टचा. सिडेस्को, आयटेक अशा आंतरराष्ट्रीय संस्थांचे डिप्लोमा घेतलेल्या अनेक जणी मोठ्या शहरांत काम करतात. मात्र असा डिप्लोमा प्रामुख्याने चेहरा व शरीर यांच्या निगेचा असू शकतो. त्यामुळे त्यात सुईने केस काढण्याचा स्वतंत्र भाग होता का, त्याचे प्रात्यक्षिक किती तासांचे होते आणि ते प्रत्यक्ष माणसांवर केले होते का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. ज्यांनी मनापासून शिकलेले असते, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, असा अनुभव आहे.

५. त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना असेल तर आणखी काही पाहण्याची गरज आहे का?

आहे, कारण पाटीवर नाव असलेले डॉक्टर आणि सुई धरणारी व्यक्ती एकच असतील असे नाही. अनेक दवाखान्यांत डॉक्टर पहिल्या दिवशी तपासतात आणि पुढची सिटिंग सहायक करतात. त्यात मुळात गैर काही नाही. वर्षानुवर्षे रोज हेच काम करणाऱ्या सहायकाचा हात डॉक्टरांपेक्षा चांगला बसलेला असू शकतो. परंतु प्रत्येक वेळी तीच व्यक्ती असेल का, तिला कोणी शिकवले आणि काही बिघडल्यास डॉक्टर जागेवर उपलब्ध असतील का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. अनेक त्वचारोगतज्ज्ञांनी लेझर आल्यावर इलेक्ट्रोलिसिस जवळपास बंद केले आहे. त्यामुळे ‘करतो’ या उत्तरावर न थांबता ‘गेल्या महिन्यात किती जणांचे केले?’ असे विचारले, तर खरी परिस्थिती लवकर कळते.

६. पहिल्या भेटीत काय व्हायला हवे?

तुम्ही त्यांना जेवढे विचाराल, त्यापेक्षा जास्त त्यांनी तुम्हाला विचारायला हवे. पाळी नियमित आहे का, केस कधीपासून व किती वेगाने वाढले, कोणती औषधे चालू आहेत, जखमेनंतर उंच, जाड वण म्हणजे केलॉइड येण्याची प्रवृत्ती आहे का, ओठावर वारंवार नागीणसदृश फोड येतात का, मधुमेह आहे का, पेसमेकर बसवलेला आहे का, गरोदरपणाची शक्यता आहे का, यांपैकी एकही प्रश्न न विचारता जी व्यक्ती थेट खुर्चीवर बसवते, तिच्याकडून उठून यावे. त्यानंतर भिंगाच्या दिव्याखाली त्वचा व केस पाहिले जावेत, अंदाजे कालावधी सांगितला जावा (प्रश्न १०) आणि लहानशा भागावर चाचणी सुचवली जावी (प्रश्न ८). तुमच्या नावाची नोंदवही किंवा कार्ड ठेवले जाते का, तेही पाहावे. त्याचा उपयोग प्रश्न १८ मध्ये दिसेल.

७. ‘ही सुई तुमचीच आहे, तुमच्या नावाच्या डबीत ठेवते’ असे मला सांगितले गेले. हे चालते का?

चालत नाही. तुमच्या अंगात गेलेली सुई दोन आठवडे डबीत राहिल्यावर निर्जंतुक राहत नाही. शिवाय वापराने तिचे टोक खराब होते आणि अनेक डब्यांच्या रांगेत चुकीची डबी उचलली गेली नाही, याची खात्री कोणालाच देता येत नाही. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. हे रक्तातून पसरणारे संसर्ग असल्याने येथे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद ग्राह्य धरू नये. निर्जंतुक करून बंद केलेल्या वेष्टनातील, एकदाच वापरायची सुई तुमच्या डोळ्यांसमोर फोडली गेली पाहिजे आणि वेष्टनावरील मुदत तुम्हाला वाचता आली पाहिजे.

चिमटे पुन्हा वापरता येतात, पण ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवून निर्जंतुक केलेले असावेत. पार्लरमध्ये निळा प्रकाश असलेली जी पेटी दिसते, ती आधीच निर्जंतुक केलेली साधने ठेवण्यापुरती असते. तिच्यात ठेवल्याने चिमटा निर्जंतुक होत नाही. स्पिरिटच्या कापसाने पुसणे हेही पुरेसे नाही. वापरलेली सुई कचऱ्याच्या टोपलीत जाते की न टोचणाऱ्या बंद डब्यात, याकडे निघताना एक नजर टाकावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार दवाखान्यांनी सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात टाकणे अपेक्षित आहे. पार्लरमध्येही असा डबा दिसला, तर तेथील माणसांनी काहीतरी नीट शिकले आहे असे समजण्यास हरकत नाही.

८. एका चाचणी सिटिंगवरून हात चांगला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

जबड्याच्या खालच्या, सहज न दिसणाऱ्या भागावर दहा-पंधरा मिनिटांची चाचणी घ्यावी आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट सुई आत जातानाची. रोमकूप ही आधीपासून असलेली वाट आहे आणि सुई त्या वाटेने गेली, तर आत जाताना जवळजवळ काहीच जाणवत नाही. जी चुणचुण किंवा उष्णता जाणवते, ती प्रवाहाची असते. सुई टोचल्यासारखी वाटत असेल किंवा वारंवार रक्ताचा थेंब येत असेल, तर ती वाट सोडून कातडीत घुसते आहे. एखादा थेंब कोणाच्याही हातून येऊ शकतो, पण दहा केसांत चार वेळा येऊ नये.

दुसरी गोष्ट केस बाहेर येतानाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत बोलकी खूण आहे. नीट प्रवाह मिळालेला केस लोण्यातून निघाल्यासारखा सरकन बाहेर येतो. प्रत्येक केसाला झटका बसत असेल, तर केस उपटले जात आहेत. म्हणजे महाग सुईखाली तुम्ही साधे प्लकिंग करून घेत आहात आणि ते सगळे केस परत येणार आहेत.

तिसरी गोष्ट नंतरची. काही तास लाली आणि एखादा दिवस किंचित सूज राहणे अपेक्षित असते; अंगावरील भागात बारीक खपल्याही येतात. त्वचा पांढरी पडणे, फोड येणे किंवा लहान खड्डे राहणे म्हणजे प्रवाह गरजेपेक्षा जास्त दिला गेला किंवा तो चुकीच्या खोलीवर दिला गेला.

९. माझा रंग सावळा आहे. डाग पडतील अशी भीती वाटते. त्यासाठी वेगळी व्यक्ती निवडावी का?

सावळ्या व गव्हाळ त्वचेवर कोणत्याही दाहानंतर काळपट डाग राहण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते, त्यामुळे आपल्यासारख्या त्वचेवर नियमित काम केलेली व्यक्तीच निवडावी. अशी व्यक्ती एका सिटिंगमध्ये शेजारशेजारचे सगळे केस घेत नाही, तर मध्ये जागा सोडत दाटी विरळ करत जाते, म्हणजे एकाच ठिकाणी उष्णता साचत नाही. टोकाखेरीज उरलेल्या दांड्यावर आवरण असलेल्या सुया मिळतात. त्यांमुळे प्रवाह तळाशीच राहून वरची त्वचा वाचते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया असतात. अशा सुयांचा विषय तुम्ही काढल्यावर समोरची व्यक्ती गोंधळली, तर ती नोंद मनात ठेवावी.

असे डाग कधीकधी आठवड्यांनी दिसू लागतात, म्हणून चाचणीनंतर तीन-चार आठवडे थांबूनच पुढे जावे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी चाचणी घेऊन लगेच पूर्ण चेहरा करून मागणाऱ्यांना चांगली व्यक्ती नाही म्हणते, आणि ते बरोबरच आहे. सिटिंगनंतरच्या दिवसांत ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे, बेसन किंवा उटणे चोळू नये आणि खपली नखाने काढू नये.

१०. ‘सहा सिटिंगमध्ये कायमचे’ असे पॅकेज घ्यावे का?

घेऊ नये. सहा सिटिंगचा हिशेब लेझरच्या जाहिरातींतून आला आहे. इलेक्ट्रोलिसिसला तो लागू पडत नाही. केसांची वाढ टप्प्याटप्प्याने होते आणि कोणत्याही दिवशी काही केस वाढीच्या अवस्थेत, तर काही विश्रांतीत असतात. वाढीच्या अवस्थेतील केसावर उपचार सर्वांत परिणामकारक ठरतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला आणि नंतर अधिक अंतराने, असे साधारण वर्ष-दीड वर्ष जावे लागते. शुल्क मिनिटांवर किंवा तासावर आकारणे ही रूढ आणि न्याय्य रीत आहे. आगाऊ भरलेल्या मोठ्या रकमेमुळे काम पसंत नसले तरी मधूनच सोडून जाणे अवघड होते.

११. मला पीसीओएस (अंडाशयांशी निगडित, संप्रेरकांच्या म्हणजे हार्मोन्सच्या असमतोलाचा विकार) आहे. उपचार आधी घ्यावा की इलेक्ट्रोलिसिस आधी करावे?

दोन्ही बरोबर चालू शकतात, पण फक्त इलेक्ट्रोलिसिसवर विसंबू नये. नष्ट केलेला केस परत येत नाही. मात्र संप्रेरकांचा असमतोल कायम राहिला, तर शेजारच्या रोमकूपांतील मऊ लव जाड केसांत बदलत राहते आणि ‘सगळे परत आले’ असे वाटते. समोरच्या व्यक्तीने हा फरक आधीच समजावून सांगितला, तर तिला विषय कळतो असे मानावे. केसांची वाढ अचानक आणि झपाट्याने झाली असेल किंवा तिच्याबरोबर आवाज घोगरा होणे, डोक्यावरचे केस विरळ होणे असे बदल असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावतज्ज्ञ यांना दाखवावे. क्वचित अशा वाढीमागे अंडाशयातील किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीतील गाठ असते.

लेझरनंतर गालांवर उलट जास्त केस आल्याचेही अनेक जणी लिहितात. हा प्रकार वैद्यकशास्त्राला माहीत आहे, विशेषतः गव्हाळ त्वचेच्या व संप्रेरकांची तक्रार असलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर. अशा केसांसाठी पुन्हा लेझर मारून घेण्यापेक्षा इलेक्ट्रोलिसिसचा विचार करणे अधिक योग्य.

१२. दोन सिटिंगच्या मध्ये थ्रेडिंग केले तर चालेल का?

नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि प्लकिंग या तिन्हींत केस मुळापासून निघतो, त्यामुळे पुढच्या सिटिंगला सुईने काम करण्यासाठी केसच उरत नाही. शिवाय वर्षानुवर्षे दोऱ्याने ओढलेल्या केसांचे रोमकूप वाकडे होतात आणि सुई तळापर्यंत नेणे अवघड जाते. मधल्या काळात कात्रीने कापावे किंवा रेझर फिरवावा. दाढी केल्याने केस जाड होतात ही समजूत चुकीची आहे. येण्यापूर्वी दोन-तीन दिवस वाढू द्यावेत. ही सूचना न देता जे पार्लर तुमचे थ्रेडिंगही चालू ठेवते, ते एका हाताने केलेले काम दुसऱ्या हाताने बिघडवते.

१३. बिनसुईचे किंवा घरी वापरायचे इलेक्ट्रोलिसिस यंत्र कसे?

चिमट्याने केस धरून त्यातून वीज सोडणाऱ्या यंत्रांमुळे केस कायमचे जातात, असा पुरावा नाही. केस विजेचा चांगला वाहकच नाही. हीच सेवा ‘बिनवेदना इलेक्ट्रोलिसिस’ म्हणून विकणाऱ्यांकडे जाऊ नये. घरी वापरायची सुईची यंत्रे मिळतात, पण आरशात पाहत स्वतःच्या हनुवटीत योग्य कोनाने सुई घालणे प्रशिक्षित माणसालाही कठीण जाते.

१४. कोणत्या परिस्थितीत चांगली व्यक्ती नाही म्हणेल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी मागेल?

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम विद्युत उपकरण असल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी संमतीशिवाय कोणीही सुई हातात घेऊ नये. गरोदरपणात गॅल्व्हॅनिक व ब्लेंड सहसा टाळतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा केलॉइडची प्रवृत्ती असेल, तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. वेदना फार वाटते म्हणून बधिर करणारे मलम मोठ्या भागावर जाड थरात स्वतःच लावू नये. ते रक्तात शोषले जाऊन अपाय होऊ शकतो.

१५. तिळातला केस, पापणीचा केस, नाकातला केस?

तिळातील केस काढता येतो, मात्र तीळ निरुपद्रवी असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी आधी पाहिलेले असावे. आत वळलेला पापणीचा केस हे केवळ नेत्रतज्ज्ञांचे काम आहे, भले पार्लरमध्ये यंत्र तेच असो. नाकाच्या व कानाच्या आतील केसांना हात लावू देऊ नये.

१६. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि शाळेत तिला चिडवतात. तिचे करावे का?

वयाची ठाम मर्यादा नाही. पण या वयात संप्रेरके अजून स्थिरावत असतात, त्यामुळे प्रश्न ११ मधील तपासणी आधी करून घ्यावी. संमती पालकांची असली, तरी सुई सहन मुलीला करायची असते. जी व्यक्ती तिच्याशी थेट बोलते, थांब म्हटले की थांबते आणि पालकाला खोलीत बसू देते, तिच्याकडेच जावे.

१७. मी ट्रान्स स्त्री आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या इलेक्ट्रोलिसिससाठी वेगळे काय पाहावे?

योनिनिर्मितीच्या शस्त्रक्रियेत जी त्वचा आतील अस्तरासाठी वापरली जाते, तिच्यावरील केस आधी काढावे लागू शकतात, कारण नंतर तेथे पोहोचणे फार अवघड असते. कोणता भाग मोकळा करायचा आणि शेवटच्या सिटिंगनंतर किती थांबायचे, हे शल्यचिकित्सकांकडून आकृतीसह लिहून घ्यावे आणि तोच कागद इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या व्यक्तीला द्यावा. हा भाग नाजूक असल्याने त्याचा अनुभव असलेली आणि तुमचा मान राखणारी व्यक्ती शोधायला वेळ लागतो. चेहऱ्याच्या दाट दाढीलाही बराच कालावधी लागतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान वर्षभर आधी सुरुवात करावी.

१८. उपचार अर्धवट असताना मला परदेशी जावे लागत आहे. तेथे कोणाला शोधू?

निघण्यापूर्वी आपली नोंद मागून घ्यावी. वापरलेली पद्धत, सुईचा आकार, प्रवाहाची तीव्रता व वेळ, केलेले भाग आणि त्वचेची प्रतिक्रिया एवढे त्यात असले, की नव्या व्यक्तीला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात: कॅलिफोर्नियात परवाना लागतो, न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र परवाना नाही. जेथे परवाना नाही, तेथे अमेरिकन इलेक्ट्रॉलॉजी असोसिएशनचे ‘सर्टिफाइड प्रोफेशनल इलेक्ट्रोलॉजिस्ट’ हे प्रमाणपत्र उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये (आणि २०२४ पर्यंत वेल्समध्येही) १९८२ च्या कायद्यानुसार इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्यांची स्थानिक परिषदेकडे नोंदणी होते आणि लंडनसाठी वेगळा कायदा आहे. परंतु ही नोंदणी जागा व स्वच्छता यांच्याबद्दलची असते, हाताच्या कौशल्याबद्दलची नव्हे. त्यामुळे तेथेही ब्रिटिश इन्स्टिट्यूट अँड असोसिएशन ऑफ इलेक्ट्रोलिसिसचे सदस्यत्व पाहावे आणि प्रश्न ८ मधील चाचणी पुन्हा घ्यावी.

१९. माझ्या चेहऱ्यावर व्रण राहिले आहेत. तक्रार कोठे करता येईल?

प्रथम दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून लेखी मत घ्यावे, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि पावत्या, संदेश व संमतिपत्र जपून ठेवावे. करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. डॉक्टर असो वा पार्लर, पैसे देऊन घेतलेल्या सदोष सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. पावतीच नसेल, तर पैसे ऑनलाइन दिल्याची बँकेतील नोंद आणि भेटीची वेळ ठरवतानाचे संदेश काढून ठेवावेत. यापुढे रोख पैसे देऊन पावतीविना सिटिंग घेऊ नये.